होळीत पडलेले टेकू

आमच्या चाळीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे मला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळतं, असं माझी बायको म्हणते. त्यात माझं कर्तृत्व फारसं नाही. मी शिंपी. माझं मशीन ओट्यावर आणि ओटा चाळीच्या तोंडाशी. भाईंदर स्टेशनाकडून येणारा असो की मिठागराकडून, माझ्या सुईसमोरून गेल्याशिवाय कुणाला घर गाठता येत नाही. जाणाऱ्याला मी एक टोमणा मारतो, तो मला एक शिवी हासडतो, आणि दोघांचाही दिवस बरा जातो.

फक्त महिपत शिवगण शिवी देत नसे. तो थांबायचा, टोमणा नीट ऐकून घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी कामावरून येताना म्हणायचा, "शिंपीबुवा, कालचं तुमचं ते मला आज दुपारी कळलं. बरं व्हतं." अशा माणसाची थट्टा करण्यात काय राम? तरी मी सोडली नाही.

महिपत रत्नागिरीकडचा, पार संगमेश्वराच्या आतला. काम खलाशाचं. बोटीवरचा खलाशी नव्हे. पुलाच्या कामावर जड लोखंड दोराने आणि कप्पीने उचलून जागेवर बसवतात, त्यांनाही खलाशीच म्हणतात. घरात बायको सरूबाई आणि धाकटा भाऊ लवू. आईबाप लवकर गेले, तेव्हा महिपतने लवूला पाठुंगळी मारून वाढवला होता. लवू मिठागरावर कामाला जायचा, केसाला तेल लावून भांग पाडायचा आणि शिमगा जवळ आला की कामाला जायचा बंद व्हायचा. सरूबाईला लग्नाला कितीतरी वर्षं होऊन मूल नव्हतं. देवाला नवस बोलून झाले, पिराला चादर चढवून झाली. मी एकदा त्यावरूनही काहीतरी बोललो, तेव्हा माझ्या बायकोने मला आठ दिवस बिनफोडणीची आमटी वाढली.

सहासष्ट सालची गोष्ट. मिठागरांच्या मागे खाडीचा एक फाटा आहे, त्याच्यावर मिठाच्या गाड्यांसाठी एक लहानसा लोखंडी पूल घालत होते. महिपत त्या कामावर होता आणि त्याचा जोडीदार होता उत्तनचा व्हिक्टर. हा मात्र माझ्या पंथातला. कधी महिपतबरोबर चाळीत आला की आधी माझ्या ओट्यावर बसकण मारायचा.

"काय रे टेलर, मागच्या नाताळाला पाटलोन शिवलीस, ती यंदाच्या नाताळाला देनार काय?"

"तुझ्या पोटाचं माप घेतलं ना, टेप परत येईपर्यंत सण उलटतो."

महिपत मध्ये बसून दोघांकडे आळीपाळीने बघायचा. त्याला आमच्या बोलण्यापेक्षा आमच्या भांडण्याची गंमत वाटायची.

एकदा मी त्यांना विचारलं, "तुमचा तो पूल बाहेरून बघितला. दोन लोखंडी गर्डर उभे, आणि मधे ही लाकडं कसली कोंबलीत? लोखंडाला लाकडाचा आधार? म्हणजे पैलवानाला पोराची काठी."

व्हिक्टरने माझी मापाची लाकडी पट्टी उचलली, दोन रिळांवर तिची टोकं टेकवून धारेवर उभी धरली आणि वरून मधोमध तळव्याने दाबली. पट्टी कमरेतून बाजूला मुरडली.

"बगितलंस? खाली न्हाय वाकत. आडवी पळते. गर्डर बी असाच. वर पुलाचा स्लॅब बसला की मग त्याच्या बापाला हलनार न्हाय. पन तोवर त्याची वरची बाजू मोकळी. वजन आलं की मुरडतो, आनि येकदा मुरडला की झोपला."

महिपतने त्याचं एक बोट पट्टीच्या एका बाजूला लावलं, दुसरं दुसऱ्या बाजूला. "आता दाब."

मी सगळा भार टाकून दाबलं. पट्टी जागची हलली नाही.

"बोटं काय वजन घेत न्हायत," महिपत म्हणाला. "नुस्ती म्हनतात, पळू नको. मी हाय."

दोन गर्डरांच्या मधे बसवायच्या लोखंडी पट्ट्या कारखान्यातून यायच्या राहिल्या होत्या. त्या येईपर्यंत या दोघांनी लाकडाचे टेकू ठोकले होते, काही आडवे, काही एकमेकांवर तिरपे, आणि वरून दोराने आवळलेले. उत्तनला बोंबील सुकवायला बांबूंची वलांडी उभी करतात, तिला टोकाला तिरप्या काठ्या देतात, नाहीतर वाऱ्याने अख्खी वलांडी बोंबलांसकट लोळते. व्हिक्टरचं डोकं तिथूनच चालायचं. दोराची गाठही त्याने होडीवरची शिकवलेली: दोन वेढे, आणि शेपूट आत खोचलेलं. ते टेकू कुणी भंगार समजून उचलू नये म्हणून महिपतने प्रत्येकावर चुन्याचा पट्टा मारला होता.

त्याच वर्षी सरूबाईला दिवस गेले. महिपतने मला येऊन सांगितलं आणि हात जोडले. "यावर आता काय बोलू नका, शिंपीबुवा. मूल झालं की मग काय बोलायचं ते बोला." मी जिभेला कुलूप घातलं. किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

आणि शिमगा आला.

आमची चाळ म्हणजे सगळे रत्नागिरीवाले. गावाकडे होळीचं लाकूड विकत आणत नाहीत, चोरून आणतात. ती चोरी नव्हेच. कुणाचं फाटक जातं, कुणाचा मोडका पलंग. मालकाने बोंब मारायची, पोरांनी त्याहून मोठी बोंब मारायची, आणि संध्याकाळी त्याच होळीला मालकाने नारळ घेऊन यायचं. एकदा लाकूड होळीवर पडलं की ते देवाचं. बाहेर काढायचं नाही. त्या वर्षी माझं बसायचं बाक गेलं होतं, म्हणून मी सकाळपासून उभ्याने काजं करत होतो आणि लवूच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो.

होळीच्या दिवशी महिपत दुपारीच कामावरून आला. पूजेची तयारी त्याच्याकडे असायची. पुलावरची बहुतेक माणसं कोकणातलीच, त्यामुळे काम लवकर सुटलं होतं. ओहोटी होती. लवू आणि त्याचे दोस्त खाजणातून कुठूनसे लाकूड घेऊन आले, पायाला मांडीपर्यंत चिखल, नुसता आरडाओरडा. मीही ओरडलो. होळी चांगली पुरुषभर उंच झाली.

दिवस मावळायच्या सुमाराला महिपत नारळ घेऊन आला. प्रदक्षिणेला निघाला आणि दुसऱ्याच पावलाला थांबला. खाली वाकला. एक लाकूड पुढे आलं होतं, त्याच्या टोकाला चुन्याचा पट्टा होता.

"लवू," तो म्हणाला, "ही लाकडं कुठनं आनलीस?"

"तुझ्या पुलावरनं. काय रे दादा, तूच न्हाय का चुलीला तिकडची लाकडं आनत? तशीच अडकवून ठेवलेली, म्हटलं टाकलेलीच हायत."

महिपत घरी जळणाला कामावरचे तुकडे आणायचा, ते खरं. लवूच्या दृष्टीने ते भावाच्या कामावरचं लाकूड होतं, म्हणजे घरचंच.

महिपतने नारळ खाली ठेवला आणि ते लाकूड धरून ओढायला लागला. दाजी पुढे आले. दाजी म्हणजे आमच्यातले वडीलधारे, होळीला चूड लावायचा मान त्यांचा.

"महिपत, काय करतंस?"

"दाजी, पुलाचे टेकू हायत हे. गर्डर मोकळा पडलाय."

"असंल. आता होळीचं हाय. होळीवर पडलेलं लाकूड ओढून काडतात?"

"तुमी समजून घ्या, दाजी—"

"मी समजलो. तू समज. घरात बाई पोटुशी हाय तुझ्या. इतक्या वरसांनी देवानं दिलं. आनि त्याच्या तोंडातलं लाकूड ओढतंस?"

सरूबाई ताट घेऊन दारात उभी होती. तिने एक हात पोटावर ठेवला, एवढंच.

महिपतने लाकूड सोडलं. मग मला म्हणाला, मला का कोण जाणे, "उद्या धुळवड. कामावर कोन येतंय? गर्डर नुस्ता उभा हाय, वर वजन न्हाय. सकाळी जाऊन दोर मारून येतो."

"हो रे," मी म्हटलं, "उद्या काम करणारा कोण वेडा आहे?"

दाजींनी चूड लावली.

वेडे नव्हते, पण धुळवड नसलेले होते. उत्तनच्या ख्रिस्ती माणसांना शिमगा कुठला? सुपरवायझरला काम संपवायची घाई, त्याने व्हिक्टरला आणि चार जणांना बोलावून घेतलं, सळया वर चढवायला.

महिपत सकाळी खांद्यावर दोर घेऊन निघाला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण धुळवडीच्या दिवशी घरून निघणं वेगळं आणि पोचणं वेगळं. प्रत्येक चाळीपुढे रस्त्यात आडवा बांबू, पोस्ताचे पैसे दिल्याशिवाय सोडत नाहीत. कुणी तोंडाला काजळी फासली, कुणी गुलाल, कुणी चिखलात बसवला. तो म्हणत होता, सोडा रे, काम हाय माझं. आणि शिमग्याच्या दिवशी काम आहे म्हणणाऱ्याला तर जास्तच लोळवतात.

पुलावर त्या वेळी काय झालं ते नंतर एका मजुराने सांगितलं. व्हिक्टरने आल्या आल्या बघितलं की टेकू नाहीत. तो ओरडला, "सळया नका चडवू, आदी दोर बांदू दे." आणि दोर घेऊन गर्डरवर चढला. एका टोकाची गाठ मारून झाली होती. दुसऱ्या टोकाला त्याचं ओरडणं पोचलं नाही, की पोचूनही कुणी ऐकलं नाही, ते देवाला माहीत. सळयांचा भारा वर टेकला. गर्डर कमरेतून मुरडला आणि झोपला.

महिपत पोचला तेव्हा व्हिक्टरला फळीवर ठेवून आणत होते. महिपतचं तोंड काजळीने काळं, त्यावर गुलाल. व्हिक्टरची बायको मॅबेल उत्तनवरून धावत आली, तिने पहिल्यांदा त्या रंगवलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला कळेना, हा माणूस हसतोय की रडतोय.

चौकशी झाली. टेकू कुठे गेले? कंत्राटदाराच्या माणसांनी शोध लावला: व्हिक्टर शेवटी तिथे होता, लाकूड त्यानेच काढलं, विकून दारू प्यायला. मेलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणून सगळ्यांना ते पटलं. महिपतलाही विचारलं. तो म्हणाला, "मी दुपारी घरी गेलो, तेव्हा टेकू व्हते." पुढचं बोलला नाही. बोलला असता तर लवू आणि चाळीतली पोरं तुरुंगात गेली असती. लवू कोपऱ्यात बसून तापाने फणफणला होता. चाळीत सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि आमच्या चाळीत आयुष्यात एकच गुपित टिकलं, ते हे.

सरूबाईला मुलगी झाली. सुलू. मी ठरवून ठेवलेली थट्टा केली नाही.

महिपत पुन्हा पुलाच्या कामावर गेला नाही. कुणाचे मांडव घाल, कुणाची कौलं चाळ, असली कामं करायचा. आणि एक खोड लागली. जे उभं दिसेल त्याला तिरपी काठी ठोकायची. गणपतीच्या मांडवाला एवढ्या तिरप्या की देव दिसेना. सुलूच्या पाळण्याला तिरप्या. एक दिवस मी जेवायला गेलो, तर माझ्या मशीनच्या पायांना दोन पट्ट्या ठोकलेल्या.

"अहो महिपतराव, हे मशीन आहे, पूल नाही. ह्याच्यावरून मिठाची गाडी जाणार नाही."

"हलत व्हतं," तो म्हणाला.

शिमग्याचंही तसंच. वर्षभर तो सुकं लाकूड गोळा करून चाळीमागे रचून ठेवायचा आणि होळीच्या आधी पोरांना सांगायचा, "हे घ्या सगळं. कुठं जाऊ नका." पोरं कुरकुरायची, चोरल्याशिवाय होळी कसली? पण न्यायची. तो मात्र त्या दिवशी दार लावून आत बसायचा. सुलू पुरणपोळी घेऊन गेली तर तिच्याकडे बघायचाही नाही. बाकीचे दिवस मात्र तिला खांद्यावरून उतरवत नसे.

आणि दरवर्षी पावसाळा सरला की तो उत्तनला जायचा, मॅबेलची वलांडी उभी करायला. घरात पुरुष नाही. मॅबेल आणि तिची पोरगी फ्लोरिन, दोघीच. महिपत बांबू रोवायचा, तिरप्या बांधायचा, व्हिक्टरच्या गाठीने. मॅबेल त्याला जेवायला वाढायची. मीही सुक्या बोंबलांच्या लोभाने बरोबर जायचो आणि भाव करताना मॅबेलच्या शिव्या खायचो. ती म्हणायची, "टेलर, तुझी जीभ वलांडीवर टाकली ना, तर सात दिवस सुकनार न्हाय."

पंचाहत्तर सालच्या दिवाळीच्या मागेपुढे आम्ही असेच गेलो. मॅबेल बोलेना. फ्लोरिन टोपलीतले ओले बोंबील जोडीजोडीने अडकवत होती, तोंड फिरवून. मी विचारलं, "काय बाय, आज शिव्या महागल्या?"

तेव्हा ती रडायला लागली. फ्लोरिनचं लग्न गावातच जमलं होतं, ते मोडलं होतं. मुलाची आत्या म्हणाली होती, लाकूड विकून दारू पिणाऱ्याची पोर आमच्या घरात नको. बापाने चार माणसांच्या जिवाशी खेळ केला, पोर काय करील?

"महिपत," मॅबेल म्हणाली, "तू त्याच्याबरोबर काम केलंस. तू तरी सांग. माझा व्हिक्टर तसा व्हता काय?"

महिपतच्या हातात दोर होता. एक वेढा झाला होता, दुसरा व्हायचा होता.

"न्हाय, बाय."

"मग लाकडं गेली कुठं?"

"आमच्या होळीत."

वाऱ्याने वलांडीवरचे बोंबील एकमेकांवर आपटत होते. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होतो, त्याने हातानेच मला थांबवलं.

"तुला कुनी सांगितलं?" मॅबेलने विचारलं.

"मी बगितली. चुन्याचा पट्टा मीच मारलेला."

"पेटवायच्या आदी बगितलीस, का मागनं?"

"आदी."

मॅबेल खाली बसली. तिने त्या तिरप्या काठीकडे बघितलं. "आनि इतकी वरसं मी तुला जेवायला वाडते," ती म्हणाली.

मग उठली, पदराने तोंड पुसलं. "हे मला सांगून काय व्हनार? ज्यांनी त्याला चोर म्हटलं, त्यांना सांग. रविवारी मिस्सा सुटल्यावर."

घरी आल्यावर महिपतने लवूला विचारलं. लवूचं तोवर लग्न झालं होतं, कारखान्यात लागला होता. तो म्हणाला, "दादा, माझं नाव नको. पोरं लहान हायत." महिपतने होकारार्थी मान डोलावली.

रविवारी तो मी शिवलेला सदरा घालून चर्चच्या पायरीखाली उभा राहिला. माणसं बाहेर आली. त्याला भाषण कुठलं येतंय? दोनच वाक्यं बोलला. टेकू व्हिक्टरने काढले नाहीत, ते आमच्या चाळीच्या होळीत जळले. व्हिक्टर दोर बांधायला चढला म्हणून मेला.

गर्दीतून कुणी ओरडलं, "नेली कुनी? नावं सांग!"

"माझ्या डोळ्यांदेखत पेटली. माझं नाव घ्या."

कुणीतरी त्याच्या सदऱ्याला हात घातला, पाद्रीबाबांनी सोडवलं. ती आत्याही तिथेच होती. आठवड्याच्या आत ती मॅबेलच्या दारी आली आणि फ्लोरिनचं लग्न पुन्हा ठरलं. पण ते नंतर. त्या दिवशी मॅबेल फाटकापाशी आली आणि महिपतला म्हणाली, "खरं बोल्लास, बरं केलंस. आता माज्या दारात येऊ नको."

"वलांडी अर्धी ऱ्हायलीय, बाय."

"राहू दे."

परत येताना मी वाटेत बरंच काही बोललो, मला आठवत नाही काय. त्याने एकदाही थांबून ऐकलं नाही. लवूने त्या महिन्यात बिऱ्हाड काशीगावला हलवलं. भावाने नाव घेतलं नाही तरी त्याला चाळीत मान वर करवेना.

महिपत पुढे खोकल्याने खंगला. मी एकटाच उत्तनला जायचो, आणि आल्यावर तो अंथरुणातून एकच विचारायचा.

"तिरप्या हायत?"

पहिल्या वर्षी नव्हत्या. वलांडी एका बाजूला कलली होती. मी तसं सांगितलं. त्याला त्या दिवसापासून वारा सुटला की झोप लागेना. सरूबाई म्हणायची, "भावोजी, खोटं सांगितलं असतं तर काय जीभ झडली असती?" सगळ्यांची थट्टा करणाऱ्या माणसाकडून लोक खोट्याचीही अपेक्षा करतात.

अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत मी गेलो, तेव्हा वलांडी ताठ होती. दोन्ही टोकांना तिरप्या. फ्लोरिन माहेरी आली होती, कडेवर मूल. मॅबेलने बोंबील मोजून दिले आणि महिपतचं नावही काढलं नाही. मी निघताना टोकाच्या काठीपाशी जरा थांबलो आणि गाठ नीट बघून घेतली.

घरी येऊन त्याला सांगितलं, "आहेत. दोन्हीकडे."

"गाठ कशी हाय?"

"दोन वेढे. शेपूट आत खोचलेलं."

तो उठून बसायला लागला. मी म्हटलं, "महिपतराव, तुमचीच गाठ. बाईने मनातून काढलं नाही तुम्हाला."

त्याने माझं हे नेहमीसारखं नीट ऐकून घेतलं. या वेळी विचार करायला दुसरा दिवस लागला नाही.

"माझी न्हाय ती," तो म्हणाला. "व्हिक्टरची. त्यानंच तिला शिकवलेली असंल." आणि परत आडवा झाला. "मग न्हाय पडायची."

शिमग्याच्या आधीच तो गेला. चाळीमागे त्याने रचलेलं लाकूड त्या वर्षीच्या होळीला पुरून उरलं.